पाण्याला काम सांगणाऱ्या बाई

आमच्या ऑफिसच्या जिन्यावरून कुणी रिकाम्या हाताने खाली उतरलेलं बाईंना खपत नसे.

दादरला एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर आमचं आर्किटेक्टचं ऑफिस होतं. लिफ्ट नव्हती. बाईंचं टेबल अगदी दाराशी. कुणी चहाला निघालं की मान वर न करता त्या विचारायच्या, "खाली चाललास का रे?" हो म्हटलं की हातात काहीतरी यायचंच. कुरिअरची पाकिटं, रद्दीचा गठ्ठा, नाहीतर वॉचमनच्या बायकोसाठी कढीपत्ता. एकदा साहेब स्वतः एका बड्या क्लायंटला घेऊन जेवायला निघाले होते, तर बाईंनी त्यांच्या हातात फुटकी कुंडी ठेवली. "कोपऱ्यावरच्या पेटीत टाका. जाताच आहात." साहेब क्लायंटकडे बघत कसनुसं हसले आणि कुंडी घेऊन उतरले.

"खाली येणाऱ्याला फुकट येऊ देऊ नये," असं त्या म्हणायच्या. "मग तो माणूस असो, नाहीतर पाणी."

मी तिथे नोकरीला लागले तेव्हा कॉलेजमधून नुकती बाहेर पडले होते. मुलाखत साहेबांनी घेतली, पण खरी मुलाखत बाहेर बाईंच्या टेबलाशी झाली. उंच, हडकुळ्या, पन्नाशी उलटलेल्या. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. बाकी सगळं ऑफिस कॉम्प्युटरवर गेलं होतं, पण बाईंचा ड्रॉइंग बोर्ड हलवायची कुणाची छाती झाली नव्हती. जिने, गच्च्या आणि पाण्याचे पाइप हे त्यांचं खातं. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून त्यांनी विचारलं, "तुझ्या गावाला ओढा आहे का?"

"माझं गाव गिरगाव," मी म्हटलं.

"म्हणजे नाही." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "तशी मलबार हिल आहे तुमच्याकडे. पण नुसत्या उंचीला काय करायचंय? वरून काही वाहत नाही. वाया गेली बिचारी." त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारायच्या. ओढा आहे का, बारमाही आहे का, कुठून पडतो, पडतो तिथे रस्ता जातो का. पेणकडचा एक बिल्डर चुकून 'आहे' म्हणाला आणि अडकला. त्याच्या टॉवरच्या नकाशाच्या पाठीवर बाईंनी त्याच्याकडून अख्खा ओढा काढून घेतला, वळणांसकट. तो बिचारा घाम पुसत सांगत होता, "मॅडम, लहानपणी पोहलोय तिथे, एवढंच आठवतंय." बाई म्हणाल्या, "पोहताना पाय टेकायचे का? नीट आठवा."

नायगावला बीडीडी चाळीत त्या आणि त्यांची आई, दोघीच राहायच्या. बाईंनी लग्न केलं नव्हतं. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले तर चाळीत हा गोंधळ. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, खालून लोक "मोटर बंद करा" म्हणून ओरडत होते, आणि टाकीच्या त्या धारेखाली बाई साडी खोचून उभ्या. हातात जत्रेतलं पत्र्याचं भिरभिरं. धारेत धरलं की ते गरगर फिरत होतं आणि बाई लहान मुलीसारख्या खूश. मला बघून म्हणाल्या, "बघ, बघ! एवढ्याशा धारेत किती दम आहे!" शेजारचे एक पोलीस काका मला म्हणाले, "रोजचंच आहे. त्यांच्या डोक्यात पावरहाउस आहे."

ते खरं होतं. फक्त ते पॉवरहाऊस डोक्याच्या बाहेरही होतं, सह्याद्रीच्या पायथ्याशी, त्यांच्या कोकणातल्या गावी. कधीकाळी त्या गावच्या एका हौशी खोताने परदेशातून यंत्र मागवून ओढ्यावर वीज तयार केली होती. वर डोंगरात छोटा बंधारा, तिथून डोंगराच्या कडेकडेने आणलेला पाट, पाटाच्या शेवटी उतारावरून सोडलेला जाडजूड लोखंडी पाइप, आणि पायथ्याशी जांभ्या दगडाचं पॉवरहाऊस. पाइपातून पाणी कोसळायचं, यंत्राचं चाक फिरायचं, गावात दिवे लागायचे. तालुक्याला वीज नव्हती तेव्हा या गावात होती. हे यंत्र चालवायचं काम बाईंच्या वडिलांकडे होतं. बाईंचं लहानपण पॉवरहाऊसच्या मागच्या दोन खोल्यांत गेलं. त्या सांगायच्या, "आम्ही यंत्राच्या आवाजात झोपायचो. आवाज थांबला की जाग यायची."

गावात त्या काळी किती उजेड होता याचं वर्णन मात्र दर वेळी वाढत जायचं. मी लागले तेव्हा दोन वाड्या उजळत होत्या. वर्षभरात सगळं गाव उजळलं, पुढे आजूबाजूची गावं. मी एकदा हसून तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "मी लहान होते. मला तर सगळं जगच उजळलेलं दिसत होतं."

ऑफिसची पिकनिक ठरत होती. सगळ्यांना अलिबाग हवं होतं. बाईंनी "कोकण, धबधबा, घरचं जेवण" एवढेच शब्द उच्चारले आणि मतं फिरवली. आम्ही बस करून निघालो. धबधबा होता, नाही असं नाही, पण लांबून दिसणारा. त्याऐवजी बाईंनी आम्हाला करवंदीच्या जाळीतून, ओरखडे सोसत, एका छप्पर उडालेल्या इमारतीत नेलं. आत वटवाघळांचा वास. मध्यभागी गंजून लाल झालेलं यंत्र, त्याच्या पोटातून उगवलेला उंबर. बाहेर उतारावर पाइपाचे तुकडे एखाद्या मेलेल्या अजगरासारखे पडलेले. आणि वर डोंगराच्या कडेने एक सरळ रेघ, झाडांनी भरलेली. तो पाट.

साहेब भडकले. "हे दाखवायला आणलंत? हे?"

बाईंचं लक्षच नव्हतं. त्या हातवारे करून सांगत होत्या. पाणी इथून यायचं, इथे आपटायचं, चाक असं फिरायचं, बाबा इथे स्टुलावर बसायचे. सांगता सांगता त्यांनी दोन्ही हात पसरून गोल फिरवले आणि तोंडाने यंत्राचा आवाज काढला. आम्ही हसलो. नंतर कुणी हसलं नाही, कारण बाई ज्या ठिकाणी बघत होत्या तिथे त्यांना स्टूल दिसत होतं हे कळत होतं.

परतताना पायवाटेवर समोरून एक म्हातारे गृहस्थ आले. खांद्यावर गवताचा भारा. बाईंना बघून ते थबकले. बाई म्हणाल्या, "तात्या, बरे आसात मा?" ते वाट सोडून, भाऱ्यासकट, काट्यातून वरच्या अंगाने निघून गेले.

बसमध्ये मी बाईंच्या शेजारी बसले. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग आपणहून बोलल्या.

"तात्या बाबांचे दोस्त. सख्ख्या भावासारखे. पाटाच्या तोंडाशी, बंधाऱ्यावर, एक लोखंडी दार होतं. चाक फिरवून ते उचलायचं, टाकायचं. ओढ्याला पूर आला की पहिलं काम म्हणजे ते दार पूर्ण खाली टाकायचं, नाहीतर पूर पाटात शिरतो. एका आषाढात दुपारपासून तुफान पाऊस झाला. संध्याकाळी वरचा डोंगर पाटासकट खाली आला. तात्यांचा गोठा, गुरं, भाताची खाचरं, सगळं गेलं. माणूस कोणी गेलं नाही एवढंच. लोक म्हणाले, बाबांनी दार टाकलं नाही. झोपले असतील. पाट फुटला म्हणून डोंगर आला."

"मग दार बघितलं नाही कुणी? टाकलंय की नाही?"

"बंधाऱ्यावर घराएवढे धोंडे येऊन पडले होते. सगळं गाडलं गेलं. दार टाकलं की दिवे जातात, पण वादळाने तारा आधीच तुटल्या होत्या, त्यामुळे दिवे कशाने गेले तेही कळायला मार्ग नव्हता. खोत म्हणाला, आता पुरे. लवकरच सरकारी खांब आले. कोण खोदतंय?"

"बाबा काय म्हणाले?"

"टाकलं होतं म्हणाले. गावाने ऐकलं नाही. आम्ही मुंबईला आलो. डिलाईल रोडला मामाकडे राहिलो, बाबा गिरणीत लागले. घरात तो विषय काढायचा नाही असं ठरलं. बाबा गेले तरी तो नियम राहिला."

तुम्हाला काय वाटतं, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी विचारलं नाही.

काही वर्षांनी, बाई रिटायर व्हायच्या सुमाराला, गावाहून त्यांच्या चुलतभावाचा फोन आला. ग्रामपंचायत यंत्र भंगारात काढून पॉवरहाऊसची जागा सपाट करणार होती. धबधब्याला येणाऱ्या गाड्यांसाठी पार्किंग. बाईंनी फोन ठेवला, अंबाड्यातली पेन्सिल काढून टेबलावर ठेवली आणि मला म्हणाल्या, "चल." कुठे ते विचारायची गरज नव्हती. तोवर मी त्यांच्या वाऱ्याने बरीच वाहवले होते.

सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. सरपंच तरुण मुलगी होती, शांतपणे ऐकून घेणारी. बाईंनी सुरुवातच चुकीची केली. आपल्या गावात पूर्वी कसा उजेड होता हे त्या सांगू लागल्या, आणि तो उजेड बघता बघता शेजारच्या गावांत पसरला. लोक हसले. एक जण म्हणाला, "बाई, पूर्वीचा काय घेवन बसलंस? आता घराघरात मीटर आसत."

बाई गोंधळल्या. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात मागून एका बाईने विचारलं, "पावसात झाडा पडान लाइट जाता, मगे आठ-आठ दिस येना नाय. तेव्हा ह्या तुमचा चलात काय?"

बाईंचा चेहरा उजळला. पण खोटं बोलल्या नाहीत. मालवणीत म्हणाल्या, "पुराचे दिस दार बंद ठेवूचा लागात. तेव्हा चलूचा नाय. पण पूर ओसारलो काय चालू. तुमचे खांब तेव्हा आडवेच असतत."

पहिल्यांदाच लोकांनी एकमेकांकडे बघितलं. आणि मग कोपऱ्यातून तात्या उभे राहिले.

"पुराक दार बंद ठेवूचा," ते म्हणाले. "ता तुझ्या बापाशीक सांगूक होया होता."

तात्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. बाई खाली बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी मान वर केली.

"आधी पाटाचा तोंड उकरूया," त्या म्हणाल्या. "दार उघडा गावला, तर भंगारवाल्याक मी स्वतः बोलावतंय. आणि परत ह्या गावात पाऊल टाकूचंय नाय."

सरपंचाने तात्यांकडे बघितलं. तात्या म्हणाले, "उकरा." आणि चपला घालून निघून गेले.

पावसाळा गेला, भातकापणी झाली. मधल्या काळात खेड्यापाड्यांत छोटी वीजयंत्रं बसवणारे दोन तरुण इंजिनिअर, एक मुलगा आणि एक मुलगी, येऊन सगळं बघून गेले. त्यांनी बाईंना सांगितलं, की जुनं यंत्र आता बघण्यापुरतंच. नवीन छोटं बसवता येईल, पण शाळा, गिरण आणि थोडी घरं, एवढंच. पूर्वीही साधारण तेवढंच निघत असणार. बाई एक दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून "शाळा, गिरण आणि थोडी घरं" हे त्या अशा थाटात सांगू लागल्या, की ऐकणाऱ्याला वाटावं यापेक्षा मोठी योजना देशात नाही. "पण पाट चांगला बांधलाय," असं इंजिनिअर म्हणाले होते, तेही त्या प्रत्येक वेळी जोडायच्या.

संक्रांतीनंतर खोदायला सुरुवात झाली. बंधाऱ्यापर्यंत खोदायचं यंत्र जाण्यासारखी वाट नव्हती, म्हणून सगळं पहारी आणि फावड्यांनी. लालबाग आणि डिलाईल रोडला राहणारे गावचे चाकरमानी रजा टाकून आले. गणपतीशिवाय गावी येणं त्यांना नवीन होतं. निम्मे जण पहिल्याच दिवशी हाताला फोड आणून बसले, पण परत कुणी गेलं नाही. खालच्या वाडीतल्या बायका भाकऱ्या आणि सुकटीची चटणी वर पोचवायच्या. मीही साहेबांशी भांडून रजा काढली होती. साहेब म्हणाले होते, "जा. जाताच आहात तर दोन फोटो पाठवा." बाईंची भाषा त्यांनाही लागली होती.

बाई स्वतः खोदायला उतरल्या नाहीत. एका दगडावर पाठ करून बसायच्या आणि खालच्या दरीकडे बघायच्या. आधी लोखंडी चौकट लागली. मग वाकलेली दांडी, तिच्यावर आटे. मग दाराचा वरचा पत्रा. तो लागला तेव्हा सगळे गोळा झाले, पण त्यावरून काही कळत नव्हतं. दार खाली बसलंय की वर अडकलंय हे तळाची कड दिसल्याशिवाय सांगता येणार नव्हतं, आणि तळ अजून चिखलात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आले. कुणाशी बोलले नाहीत. काठी बाजूला ठेवून खड्ड्याच्या काठावर बसून राहिले. दुपार कलताना खालून कुणीतरी हाक मारली, "कड लागली!"

कुणी काही बोलायच्या आत तात्या उठले. "माका उतरूंदे," म्हणाले. दोघांनी धरून त्यांना खाली उतरवलं. ते चिखलात गुडघ्यांवर बसले आणि दाराच्या खालच्या कडेवरून त्यांनी हात फिरवायला सुरुवात केली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तळाला दगडात कोरलेली खाच होती आणि दार त्या खाचेत पूर्ण बसलं होतं. तात्या बोटं खाली घालून बघत होते. बोट शिरत नव्हतं. त्यांनी परत पहिल्यापासून हात फिरवला. मग तसेच बसून राहिले, हात दारावर ठेवून.

"बंद आसा," शेवटी ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की वर ऐकू आला नाही. खड्ड्यातल्या पोराने ते मोठ्याने सांगितलं.

लोकांनी आरडाओरडा केला, कुणी टाळ्या वाजवल्या. मी धावत बाईंकडे गेले. त्या दगडावर तशाच बसल्या होत्या, दरीकडे तोंड करून. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाई, बंद आहे. टाकलेलं आहे."

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. मग फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "मला वाटत होतं, उघडंच सापडेल."

एवढी वर्षं दिसेल त्याला ओढा विचारत फिरणारी ही बाई, हा एक संशय उराशी घेऊन जगत होती, आणि तरीही तिने भर सभेत तो पणाला लावला होता. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. तात्यांना वर काढलं तेव्हा ते आमच्या बाजूला न बघता वाडीकडे निघून गेले.

मुंबईला परतलो ते थेट नायगावला. आजी, म्हणजे बाईंची आई, खाली बसून कोलंबी सोलत होत्या. नव्वदीच्या जवळ आलेल्या, पण हात भराभर चालत होते. बाई दारातूनच म्हणाल्या, "आई, दार बंद सापडलं. बाबांनी टाकलं होतं."

आजींनी मान वर केली नाही. "माका ठावक होता," त्या म्हणाल्या.

बाई उंबऱ्यात उभ्याच राहिल्या.

"दार टाकून इलंय म्हणान सांगल्यानी," आजी बोलत होत्या, हात चालूच. "नखशिखांत भिजान इले होते. हाताची साला निघाली होती त्या चाकार. त्येंचे कपडे मियाच पिळलंय. चुलीर वाळत घातलंय. मगे डोंगर इलो."

"मग सांगितलं का नाहीस गावाला?"

"सांगलंय. सभेत उभी रवान सांगलंय. म्हणाले, बाईल घोवाचीच बाजू घेतली. बायलमाणसाचा कोण आयकता?"

"पण मला? मला का नाही सांगितलंस?"

आता आजींनी मान वर केली. लेकीकडे बघून, अगदी सरळपणे म्हणाल्या, "तू खंय इचारलंस?"

बाई तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या. आधी मला वाटलं त्या रडताहेत. मग कळलं, त्या हसत होत्या. आणि मग दोन्ही. आजींनी कोलंबीचं ताट त्यांच्याकडे सरकवलं. "बसलंसच तर सोल," त्या म्हणाल्या. बाईंची 'जाताच आहात तर' ही सवय कुठून आली ते मला त्या दिवशी समजलं. मीही एक मूठ उचलून सोलायला बसले. पुढे आजीच बोलू लागल्या, आणि त्या संध्याकाळी बाईंनी आपल्या वडिलांविषयी एवढं ऐकलं, जेवढं आयुष्यात ऐकलं नव्हतं. ते गाणी म्हणायचे हे त्यांना माहीतच नव्हतं.

त्यानंतर बाई मुंबईत कमी आणि गावी जास्त राहू लागल्या. त्यांच्याकडून फोनवर बातम्या यायच्या. पार्किंगचा ठराव सरपंचाने मागे घेतला. पॉवरहाऊसवर पत्रे चढले. जुन्या यंत्रातला उंबर उपटायचा की ठेवायचा यावरून वाद झाला आणि उंबर राहिला; नवं यंत्र शेजारी बसलं. पाटाचा तुटलेला भाग नव्याने बांधायचा तर तो तात्यांच्या जमिनीतून जाणार होता. त्यांना विचारायला कोणी जावं हे ठरत नव्हतं. तेवढ्यात एका सकाळी तात्याच फावडं घेऊन आले, आणि आपल्या माड-पोफळीच्या कुळागराच्या कडेने आखणीच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या तिथे चर खणू लागले. कुणी त्यांना काही विचारलं नाही. रोज यायचे, आपल्या हद्दीपुरतं खणायचे, जायचे. बाईंशी तरीही एक शब्द नाही.

"बोलतील," बाई फोनवर म्हणाल्या. "घाई काय आहे?" असं बोललेलं मी त्यांच्याकडून पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात पाणी सोडायचं ठरलं. मी गिरगावातून गाडी केली, नायगावहून आजींना घेतलं आणि निघालो. आजी गाव सोडल्यापासून परत कधी गेल्या नव्हत्या. वाटेत झोपल्या, उठल्या की विचारायच्या, "घाट इलो?" घाट उतरल्यावर मात्र काच खाली करून बाहेर बघत राहिल्या.

पॉवरहाऊससमोर सगळं गाव जमलं होतं. शाळेतली मुलं, गिरणवाला, चाकरमानी. आजींसाठी मध्ये खुर्ची ठेवली होती. दिवस मावळायला आला होता. वर बंधाऱ्यावर नवीन दार उचललं गेलं आणि पाटातून पाणी येतंय अशी हाक एकापाठोपाठ एक खाली पोचली. मग पाइपात घुमल्यासारखा आवाज, मग इमारतीच्या आत एक बारीक सूर, हळूहळू चढत गेलेला. आजींनी डोळे मिटून घेतले. बाई आत यंत्राशी उभ्या होत्या, ओठ घट्ट दाबून. इंजिनिअर मुलीने खटका त्यांच्यापुढे केला, तशा त्या बाहेर येऊन सरपंचाला म्हणाल्या, "तूच दाब. नंतर चालवायचंय तुम्हालाच."

दाराबाहेरचा बल्ब आधी लाल झाला, मग पिवळा, मग नीट लागला. पलीकडे शाळेतही उजेड दिसला. मुलं ओरडत तिकडे पळाली. एवढंच झालं. दहा-वीस दिवे. पण माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून हसत होती, जणू पहिल्यांदाच भेटताहेत.

तात्या गर्दीत नव्हते. उजेड जिथे संपत होता तिथे, फणसाच्या बुंध्याला टेकून ते उभे होते. बाईंनी त्यांना पाहिलं, पण हाक मारली नाही. आजींनी मात्र कपाळावर हात धरून तिकडे निरखून पाहिलं.

"कोण तो? तू काय रे?" त्यांनी तात्यांना त्यांच्या लहानपणीच्या नावाने हाक मारली. "उजेड केल्यात मा तुमी सगळ्यांनी? मगे असो काळोखात कित्याक रवलंस? हयसर ये. तोंड बघूंदे तुजा."

माणसं बाजूला झाली. तात्या चपला काढून आले आणि खुर्चीपाशी जमिनीवर बसले. "वयनी," ते म्हणाले. "आमचा चुकला."

आजींनी त्यांची हनुवटी धरली, चेहरा दिव्याकडे वळवला आणि सावकाश बघून घेतला, एखाद्या लांबून आलेल्या मुलाचा बघावा तसा.

"म्हातारो झालंस रे," त्या म्हणाल्या.